‘देम’कडे पाठवलं आहे

४ मार्च, सोमवार
इंग्रजीत ‘लुक’ म्हणजे बघणं. मग ‘लुक आफ्टर हिम’ म्हणजे त्याला सांभाळणं आणि ‘लुक इन्टू इट’ म्हणजे चौकशी करणं, हे कसं होतं? क्रियापद तेच, शेजारी बोटभर शब्द, आणि अर्थ पार दुसऱ्या गावाला. का? मला उत्तर येत नाही. घरात पदवी मिळवणारी मी पहिली, त्यामुळे विचारायचं तरी कुणाला?

उत्तरावाचून अडत नाही म्हणा. नोकरीत वापर महत्त्वाचा. आमची कंपनी जिन्यावरून वर-खाली सरकणाऱ्या खुर्च्या बसवते. मी तिच्या हेल्पलाइनवर. ट्रायल या महिन्यात संपते. मला पक्कं करायचं की नाही, हे आमचा टीम लीडर बावीस तारखेला ठरवणार. त्याला सगळे कॅप्टन म्हणतात.

संकल्प: रोज पाच नवे प्रयोग. घरीसुद्धा वापरायचे. आई पातेलं धरून उभी होती, तिला ‘पुट इट डाउन’ म्हणाले. म्हणाली, कुठे ठेवू, ओटा तुझ्या पुस्तकांनी भरलाय.

६ मार्च, बुधवार
एका आजींचा फोन. त्यांची खुर्ची बंद पडली आणि आजोबा वरच्या मजल्यावर अडकले. एकवीस तारखेला त्यांच्या डोळ्याचं ऑपरेशन आहे. कित्येक महिने थांबून मिळालेली तारीख, चुकली तर पुन्हा रांगेच्या शेपटाला. एक डोळा गेल्यातच जमा, दुसरा जेमतेम.

मी एका दमात म्हणाले, ‘लीव्ह इट विथ मी, आय विल टेक इट अप विथ देम.’ सर्वनामांची नुसती माळ. कुठेही अडखळले नाही. काचेच्या केबिनमधून कॅप्टनने शाबासकीचा अंगठा वर केला. स्क्रीनवरचं ‘पाठवा’ दाबलं, तक्रार त्यांच्याकडे गेली. हलकं वाटलं. यालाच सेवा म्हणतात.

घरी नळ गळतोय. बाबा म्हणाले, प्लंबरला फोन कर. मी म्हणाले, ‘आय विल सी टू इट.’ बाबांनी हे वाक्य शेजारच्या काकांना म्हणून दाखवलं.

८ मार्च, शुक्रवार
आजी पुन्हा. मी: ‘आय हॅव पास्ड इट ऑन टू देम.’ त्यांनी विचारलं, देम म्हणजे कोण? मी शांतपणे सांगितलं, दुरुस्ती विभाग.

फोन ठेवल्यावर शेजारच्या टेबलावरच्या मफलरला विचारलं, दुरुस्ती विभाग बसतो कुठे? (एसीमुळे तो बारा महिने मफलर गुंडाळून असतो.) म्हणाला, देम म्हणजे ते. ते कोण? म्हणाला, मी आलो तेव्हापासून सगळं त्यांच्याकडेच पाठवतोय, परत काही येत नाही, म्हणजे चोख काम करत असणार.

पटलं.

१२ मार्च, मंगळवार
आजींना बोलताना धाप लागत होती. जेवणाचं ताट घेऊन दिवसातून तीनदा जिना चढतात. गुडघे दोन्ही गेलेत. मी अजिबात गडबडले नाही. ‘आय ॲम ऑन टॉप ऑफ इट.’ त्या म्हणाल्या, बाळ, वर तर हे बसलेत, तू खाली आण म्हणतेय मी.

बोलणं गमतीचं, पण आवाज हसरा नव्हता. नऊ दिवस राहिलेत. त्यांनी विचारलं, होईल ना नक्की, नाहीतर मी दुसरं काही बघते. मी म्हणाले, ‘यू कॅन काउंट ऑन अस.’ आजचा सर्वांत अवघड प्रयोग, पहिल्याच फटक्यात बरोबर.

नळाखाली आईने बादली लावली. ताई म्हणाली, आपल्या घरात आता इंग्रजी आणि पाणी दोन्ही वाहतं. ती दहावीनंतर थांबली, म्हणून असं बोलते. मी मनावर घेत नाही.

१५ मार्च, शुक्रवार
आजी तीनदा. ऐनवेळी ‘बेअर विथ मी’ आठवलं. वाचले.

चूक सरळ त्या ‘देम’ची आहे. मी किती वेळा पाठवायचं? आज त्यांना कडक मेल टाकली. एकाच परिच्छेदात ‘फॉलो अप ऑन इट’, ‘गेट बॅक टू मी’ आणि ‘आय विल नॉट पुट अप विथ इट’. उत्तर नाही.

संध्याकाळच्या मीटिंगमध्ये सर्वांसमोर बोलले. म्हणाले, पलीकडे कोणीतरी झोपलंय आणि एक माणूस आंधळा व्हायची वेळ आलीय. कॅप्टन म्हणाला, छान मांडलंस, कोण झोपलंय ते मी शोधतो.

बावीस तारखेची आता काळजी नाही. माझ्यासारखं तळमळीने बोलणारं तिथे दुसरं कोणी नाही.

१८ मार्च, सोमवार
सापडलं. मी.

कॅप्टनने केबिनमध्ये बोलावलं, दार लावलं. दुरुस्ती विभाग म्हणून कोणी बसतच नाही. मेकॅनिक बाहेर फिरतात. तक्रारी एका इनबॉक्समध्ये पडतात आणि हेल्पलाइनवरचं एक जण रोज सकाळी तो उघडून कामं वाटतं. ते करणारी आधीची मुलगी गेल्या महिन्याअखेरीस सोडून गेली. तिच्या निरोपाच्या दिवशी कॅप्टन मला म्हणाला होता, ‘कीप ॲन आय ऑन इट फॉर अस.’ मला वाक्य तंतोतंत आठवलं. इतकं सुरेख होतं की घरी आरशावर लावलंय. त्यातलं ‘इट’ म्हणजे काय, ते विचारायचं राहिलं.

त्याने इनबॉक्स उघडला. आजींच्या सगळ्या तक्रारी, इतरांच्या कितीतरी, आणि सर्वांत वर माझी कडक मेल. न वाचलेली.

तो ओरडला नाही. म्हणाला, सगळं वाटून टाक, आणि आजींना सांग, ‘इट स्लिप्ड थ्रू.’ अशा वाक्यात ‘आय’ घ्यायचा नाही. शुक्रवारी तुला पक्कं करायचंय, उगाच घाण करू नकोस.

मेकॅनिकची सर्वांत जवळची मोकळी तारीख: सव्वीस.

२० मार्च, बुधवार
प्रत्येक मेकॅनिकला फोन. सगळे कामात. शेवटी एक म्हणाला, उद्या सुट्टी आहे माझी, सकाळी येतो, पण मोटर जळली असेल तर माझ्याकडे नाही, आधीच सांगतो.

आजींचा आज फोन नाही. दिवसभर नाही. मला फोन यावासा वाटत होता आणि वाजला की आधी नंबर बघत होते.

पाठ केलेलं एकही वाक्य उपयोगाचं नाही.

२१ मार्च, गुरुवार. संध्याकाळ
मोटर जळलेली होती.

सकाळी मीही आजींकडे गेले होते. मेकॅनिक आणि हॉस्पिटलला न्यायला आलेला टॅक्सीवाला, दोघांनी आजोबांना स्वयंपाकघरातल्या खुर्चीत बसवून खाली आणलं. वळणावर खुर्ची कलली, आजोबांनी कठडा पकडला तो सोडेनात. टॅक्सीवाला म्हणाला, काका, कठडा राहू द्या, तो काही ऑपरेशनला येत नाही. तेव्हा सोडला. मी मदतीला पुढे झाले तर मेकॅनिक म्हणाला, ताई, बाजूला. आजींनी माझ्या हातात पिशवी दिली. माझं काम तेवढंच.

दारात आजींना सांगितलं. देम कोणी नाही, मीच, तुमची तक्रार मी उघडलीच नाही. रागावतील असं वाटलं होतं. त्या म्हणाल्या, मग पहिल्या दिवशीच ‘होणार नाही’ म्हणायचं होतंस. मुलगा दोन तासांवर राहतो. त्याने आणि सुनेने असंच उचलून नेलं असतं केव्हाच. तू बघते म्हणालीस, म्हणून मी थांबले.

टॅक्सी गेली. आजी-आजोबा वेळेत पोचले, ऑपरेशन झालं. हे मेकॅनिककडून कळलं. आजींनी फोन त्याला केला.

दुपारी ऑफिसात तक्रारीची नोंद बंद करायची होती. कारणाच्या जागी लिहिलं, ‘आय डिड नॉट ओपन द इनबॉक्स.’ खाली नाव. कॅप्टनने वाचलं. म्हणाला, ही ओळ अशीच ठेवलीस तर उद्या पक्कं करता येणार नाही. ट्रायल पुन्हा पहिल्यापासून, आणि फोन बंद, नुसता इनबॉक्स. बदल, मी पाहिलं नाही समजतो.

मी पक्की होणार म्हणून बाबांनी उद्यासाठी काकांना चहाला बोलावून ठेवलंय. ते आठवलं.

ओळ बदलली नाही. नव्या ट्रायलच्या कागदावर सही केली, हेडफोन मफलरकडे दिला, आणि घरी येताना काकांकडे जाऊन उद्या येऊ नका म्हणून सांगून आले.