डाव्या अंगठ्याबाबत

मी, खाली सही करणारा, वय वर्षे एकाहत्तर, व्यवसाय गिटारची शिकवणी, हे मृत्युपत्र राजीखुशीने, कोणाच्याही दडपणाखाली न येता लिहीत आहे. डोके ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. धाकट्या भावाला तो पटणार नाही.

१. राहते दोन खोल्यांचे घर माझ्या एकुलत्या मुलीस. यात माया वगैरे शोधू नये. द्यायला दुसरे कोणी नाही.

२. वाजवताना पायाखाली घ्यायचे स्टूल धाकट्या भावास. जन्मभर त्याने माझे पाय ओढले, आता स्टूल ओढून न्यावे.

३. गिटार मुलीस मिळणार नाही. ती चौकापलीकडे गिटार शिकवणाऱ्या तरुण शिक्षिकेस द्यावी. तीन वर्षांपूर्वी माझ्या डाव्या हातात कळा येऊ लागल्या, तेव्हा नाइलाजाने तिच्याकडे गेलो. ती म्हणाली, "आजोबा, अंगठा गिटारच्या मानेवरून काढा आणि तसंच वाजवून बघा." मला हसू आले. पण वाजले. तार जेमतेम दाबली तरी पुरते; मागून अंगठ्याने आवळायची गरजच नसते. मग बारा जुन्या रचना मी पहिल्या सुरापासून पुन्हा बसवल्या. कळा गेल्या. विशीत जिथे अडखळायचो, तिथे आता हात सहज जातो.

४. या बारा रचनांचे ध्वनिमुद्रण मुलीस. सोळाव्या वर्षी तू याच वाजवायचीस आणि म्हणायचीस, "बाबा, मनगट दुखतंय हो." मी म्हणायचो, "नाचता येईना अंगण वाकडे! दाब अजून." मनगटाची शस्त्रक्रिया झाली, गिटार सुटली, आणि हिला हातच नाही, असे मी चारचौघांत सांगत राहिलो. तूही ते खरे मानलेस. आजही पाहुण्यांना हसत हसत सांगतेस. ते खोटे आहे. तुझा हात चांगला होता, माझ्याहून चांगला. तो माझ्या शिकवण्याने गेला.

५. हे मला तीन वर्षे ठाऊक आहे. दर आठवड्याला तू फोनवर विचारतेस, "बाबा, हात कसा आहे?" मी म्हणतो, "ठीक." खरे सांगितले असते तर तू रडली असतीस, वाट्टेल ते बोलली असतीस, आणि मला गप्प बसून ऐकावे लागले असते. ते मला नको होते. आता बोल हवे तितके.

(सही)
साक्षीदार : १. वरच्या मजल्यावरचे निवृत्त पोस्टमास्तर. २. कोपऱ्यावरचा शिंपी. दोघांनी मजकूर वाचलेला नाही.
स्थळ : शिकवणीची खोली
दिनांक : १४ जून, रविवार, मुलीचा फोन येऊन गेल्यावर