विभाने शुक्रवारच्या आत कोबेला कळवावे

मी, श्रीमती सुप्रभा चंद्रशेखर कोलते, वय चौऱ्याहत्तर, शिक्षण गावच्या शाळेत सातवी, हल्ली राहणार मुलाकडे, फुनाबोरी, तोक्यो. डोकं ठिकाणावर आहे. कोणाच्या दबावाखाली लिहीत नाही. थोडा दबाव टाकायलाच लिहिते आहे.

१. तळेगावचा दोन खोल्यांचा फ्लॅट माझ्या पगारातून घेतलेला. एकाहत्तरच्या लढाईच्या वर्षी दारूगोळ्याच्या कारखान्याला माणसं कमी पडली, म्हणून बायका घेतल्या. मी वीस वर्षांची. काम काडतुसात दारू भरायचं. ठिणगी उडू नये म्हणून गेटवरच बांगड्या, जोडवी, मंगळसूत्र, सगळं काढून ठेवायचं. सासूबाई म्हणाल्या, "रोज सकाळी नवऱ्याला मारून जातेस." मी म्हटलं, "संध्याकाळी जिवंत करते की, आत्या." हे त्यानंतर त्रेचाळीस वर्षं जगले. पगाराच्या दिवशी तर तब्येत फारच छान असायची.

२. लढाई संपली तसे साहेब म्हणाले, "बायांनो, छान काम केलंत, आता घरी जा." लढाईभर आमचे हात चालले, नंतर एकदम नाजूक झाले. घरी हे म्हणाले, "तू कामावर गेलीस तर आईला कोण बघणार?" आई तेव्हा मागच्या दारी लाकडं फोडत होत्या. दुसऱ्या दिवशी आम्ही अकरा जणी भोंग्याच्या आधी गेटवर उभ्या, मंगळसूत्रं आधीच काढून मुठीत. साहेबांनी गेट उघडून आत घेतलं. मी साठाव्या वर्षी रिटायर झाले.

३. सूनबाई विभा शिकलेली इंजिनियर. प्रसन्नच्या नोकरीपायी इथं आली आणि सहा वर्षं स्टेशनजवळच्या दुकानात भाताचे गोळे फळीवर रचते आहे. आता बुलेट ट्रेनने तीन तासांवरच्या कोबेच्या एका कारखान्याने तिला बोलावलंय. एक एप्रिलला रुजू व्हायचं, उत्तर या शुक्रवारपर्यंत द्यायचं. काल जेवताना प्रसन्न म्हणाला, "अगं, तू गेलीस तर आईला कोण बघणार?" त्रेपन्न वर्षांत या घराण्यातल्या पुरुषांना दुसरं वाक्य सुचलेलं नाही. विभा "बघू" म्हणाली आणि ताटं उचलायला लागली.

४. म्हणून फ्लॅट आणि पोस्टातले पैसे विभाला, पण शुक्रवारच्या आत तिने हो कळवलं तरच. नाही कळवलं तर सगळं कारखान्यातल्या जुन्या बायकांच्या मंडळाला. प्रसन्नने मध्ये बोलू नये.

५. प्रसन्नला माझा कुकर, आजपासूनच. भाताला तीन शिट्ट्या. पाणी घालायचं असतं.

६. मृत्युपत्र मेल्यावर वाचतात म्हणे. मला तेवढा वेळ नाही, हे आज फ्रिजवर लावते आहे. आणि माझी सबब कोणी सांगू नये, मी विभाबरोबर कोबेला चालले आहे. प्रसन्नने सुट्टीच्या दिवशी जेवायला यावं. येताना डबे धुऊन आणावेत.

साक्षीदार:
नेत्रा फणसळकर (शेजारीण)
जयेश मोकाशी (प्रसन्नचा मित्र. "काकू, मला यात ओढू नका" म्हणाला, पण सही केली.)

सही: सुप्रभा चं. कोलते
फुनाबोरी, मंगळवार, २५ फेब्रुवारी २०२५