आखणी करायला रोह्याला

आबा,

आज मी रोह्याला आलोय, एकटाच. कुणाचं लग्न नाही, दवाखाना नाही, नुसता विचार करायला आलोय. सकाळी सून म्हणाली, "बाबा, पुढच्या वर्षाची आखणी आजच करायला पायजे." मी उठलो, हात धुतले, बारीक ब्रश काढला आणि विचारलं, कुठली मूर्ती? ती हसतच सुटली. "ती आखणी नाय हो, धंद्याची!" आपल्या मूर्तींच्या कारखान्यात जन्म गेला, आखणी म्हणजे गणपतीचे डोळे रेखणं एवढंच मला ठाऊक. मग तिनेच सांगितलं, "घरात तुम्हाला सुचायचं नाय. जरा बाहेर जाऊन शांतपणे ठरवा, पण संध्याकाळपर्यंत सांगा." पेणला आलो, समोर रोह्याची गाडी लागली होती, तिच्यात बसलो.

गोष्ट अशी आहे. मुंबईच्या एका व्यापाऱ्याला पुढच्या वर्षी आपल्याकडून दुप्पट मूर्ती हव्यात, डोळे मात्र हातानेच आखलेले. त्याला आज उत्तर पाहिजे. सून म्हणते घेऊ या. मुलगा कंपनीत शिफ्टला, तो म्हणतो तुम्ही दोघं ठरवा. आणि तुमच्यामागे आपल्याकडे डोळे आखतो मी. आबा, गेल्या वर्षापासून माझा हात कापतो. घरात कुणाला बोललेलो नाही. सून ऑर्डरचं नाव काढते आणि मी ब्रश धुवायला उठतो.

घरात खरंच सुचत नाही. ओटीवर आता तिचं हापिस आहे. टेबल, संगणक, दिवसभर फोन. तिच्या पाठीमागे तयार मूर्ती रांगेने बसलेल्या, आणि ती त्यांच्यासमोरच भाव सांगते. माझा जीव वरखाली होतो. मी नुकता तुमच्या हाताखाली आलो होतो तेव्हा एका गिऱ्हाइकाला मूर्तीशेजारी उभा राहून मोठ्याने भाव सांगितला होता. तुम्ही आतून आलात आणि पाठीत धपाटा घातलात. "डोळे उघडलेत त्याचे. त्याच्यासमोर त्याची किंमत करतोस?" त्यानंतर सगळा व्यवहार रस्त्याकडेला, भर उन्हात. एक व्यापारी कुरकुरायचा, "म्हातारा उन्हात उभा करून भाव वाढवून घेतो." तुम्ही म्हणायचात, "मग टोपी घालून येत जा."

पुढच्या सालाचं ठरवायला तर तुम्ही गावातही थांबत नव्हतात. मला घेऊन एस्टीने गडब गावी जायचात. हायवेच्या टपरीवर तुम्ही बसला आहात, बशीतून चहा पिताय, समोरच्या भातशेताकडे बघताय. मी वाट बघतोय. दुसरा चहा संपतो आणि तुम्ही म्हणता, "यंदा मोठ्या मूर्ती कमी करायच्या." बस. मधल्या वेळात डोक्यात काय चाललं होतं ते कधी सांगितलं नाहीत, मीही विचारलं नाही. आता इथे कुंडलिका नदीच्या काठी बाकड्यावर बसून मी तसाच पाण्याकडे बघतोय आणि मला काहीच सुचत नाही. ऐन घाईत हात हलला तर? डोळा तिरका गेला, माल परत आला, तुम्ही कमावलेलं नाव गेलं तर? नको म्हणावं, तर एवढ्या हौसेने उभा केलेला पोरीचा धंदा मीच अडवला असं होईल. मध्येच वाटतं, दुपारची गोळी आणली का? खिसा तीनदा चाचपला. आणली आहे.

इतक्यात तिचा फोन आला.

"जेवलात का?"

"भूक नाय गो. तू हापिसात हायस? आधी बाहेर अंगणात जा, मग बोल."

"आले बाई. इथं कोंबड्यांशिवाय कोण ऐकत नाय. काय ठरलं?"

मी म्हटलं, "गो, माझा हात कापतो."

ती म्हणाली, "ठाऊक हाय मला."

"कधीपासनं?"

"गेल्या श्रावणापासनं. तुम्ही जेवायला उठलात की बिघडलेले डोळे मी पुसून परत आखायची. एकदा तर मीच डोळे आखलेल्या मूर्तीकडं बघून तुम्ही म्हणालात, आज हात बरा चाललाय!" ती हसली, आणि लगेच, "रागावलात का?"

राग आला नाही. लाज वाटली, आणि कुणीतरी डोक्यावरचा भारा उतरवून घ्यावा तसं झालं. एकदमच सगळं. मी म्हटलं, "घे ऑर्डर. डोळे तू आख. आता चोरून नको, माझ्या जागेवर बसून आख."

"आणि बिघडले तर?"

"मी हाय ना बघायला."

हे लिहितोय तो कागद इथेच फाडून टाकणार आहे. घरी नेला तर सुनेच्या हाती लागेल. मघापासून मी गेल्या वर्षीचे गणपती एकेक करून डोळ्यांपुढे आणतोय, आबा. कुठले डोळे माझे आणि कुठले तिचे, एकाचंही सांगता येत नाही. तिला मात्र फोन ठेवताना म्हणालो, "डोळे तू आखतेस हे मला तेव्हाच कळलं होतं."