इन्स्पेक्टरची खळी

३ फेब्रुवारी

आज इन्स्पेक्टर बाह्या दुमडून आला. काय ते हात! मालिका रटाळ, संवाद त्याहून रटाळ, गोष्ट दोन महिने एकाच खोलीत अडकून पडलीय. पण बाह्या दुमडल्या की सगळं माफ!

आईच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. त्यामुळे साडेसातला मी शेजारी बसून सगळं सांगतो. 'आता काय करतोय रे?' — हसतोय. 'कसा हसतोय?' हे मला विचारणं म्हणजे माकडाच्या हाती कोलीत! डाव्या गालाला खळी पडते, पुढच्या दाताचा कोपरा तुटलाय, त्यामुळे हसू जरा वाकडं होतं... बोलतच सुटलो. शेवटी आई म्हणाली, 'आणि हिरॉईननं काय घातलंय?'

काहीतरी निळं.

५ फेब्रुवारी

दिवसभर कवळ्या. दातांच्या लॅबमध्ये एकोणीस वर्षं गेली, त्यामुळे पडद्यावरच्या देखण्या माणसाचेही मी आधी दात बघतो. खलनायकाच्या वरच्या सहा दातांवर कॅप. वकील झकास, पण हसला की हिरड्याच हिरड्या. मोठ्या दिराचा जबडा मात्र अस्सल! त्याला रोज पाचच मिनिटं देतात. अन्याय आहे!

दुपारी एक्स-रे आला होता. दवाखान्यात एक्स-रे काढतो, म्हणून लॅबमध्ये त्याचं नावच ते. आठ महिने झाले आमचं जमून. माझं प्रेम आहे त्याच्यावर, आणि हे त्याच्याशिवाय फक्त या वहीला माहीत.

'घरी कधी नेणार?'

आईचं ऑपरेशन होऊ दे, म्हटलं.

'मागे म्हणालास, घराला रंग होऊ दे.'

मी पुढची कवळी घासायला घेतली.

९ फेब्रुवारी

उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. छान झालं!

१० फेब्रुवारी

पट्टी काढली. आई बराच वेळ माझ्याकडे बघत होती. मला भरून आलं. मग म्हणाली, 'केस कधी पिकले रे एवढे?'

११ फेब्रुवारी

डॉक्टरांनी टीव्हीला परवानगी दिली. साडेसातला आई काळा चष्मा लावून ताठ बसली. इन्स्पेक्टर आला. मी असा ऐटीत, जणू त्याला मीच लहानाचा मोठा केला!

'हा?'

'हाच!'

'खळी कुठाय याला? आणि दात तर सगळे धड आहेत की!'

मी बघितलं. पहिल्यांदाच नीट बघितलं. खळी नाही. दात लॅबच्या शोकेसमधल्यासारखे, एका रांगेत.

खळी एक्स-रेची. तुटका दातही त्याचाच. 'कोपरा भरून घेतलास तर याद राख' म्हणून मीच त्याला दम दिलाय. म्हणजे इतके दिवस बाह्या इन्स्पेक्टरच्या आणि हसू याचं! रोज साडेसातला मी आईला त्याच्याबद्दल सांगत होतो, आणि मला पत्ताच नाही!

आईनं चष्मा काढला. 'मग तू कोणाचं सांगत होतास?'

'चहा टाकतो.'

'आत्ता तर झाला.'

तरी टाकला.

१२ फेब्रुवारी

भित्रा. भित्रा. भित्रा.

१५ फेब्रुवारी

बोलावलं! उद्या पाच वाजता. एक्स-रे आधी हसला, मग म्हणाला, 'रंग झाला घराला?' नाही झाला. तसाच ये, म्हटलं.

आईला सांगितलं, एक मित्र येतोय. 'कोण?' एक मित्र. तिनं डोळ्यात थेंब घालायला मान मागे केली.

तिनं तोंड फिरवलं तर? घरात आम्ही दोघंच. मग साडेसातला मी कोणाशेजारी बसू? पण त्याला आणखी किती दिवस थोपवू? तो जसा आहे तसा आहे, आणि मीही हा असाच आहे. एवढं तिला कळलंच पाहिजे. होऊन जाऊ दे!

१६ फेब्रुवारी

बेल वाजली तेव्हा मी आत शर्ट बदलत होतो, तिसऱ्यांदा. दार आईनंच उघडलं. तो हसला असणार. मग आईची हाक आली, अख्ख्या इमारतीला ऐकू जाईल अशी —

'अरे, ये बाहेर! तुझा इन्स्पेक्टर आलाय — खळीसकट!'