सनई पाण्याचीच

सोमवार, ९ एप्रिल ७३
दहाला टँकर आला. लगेच सोसायटीच्या माळवदावर चढून मशीनवर सनईची तबकडी लावली, कर्ण्याचं तोंड खालच्या वस्तीकडे. वीस मिनिटांत वस्तीवरच्या बाया घागरी घेऊन हजर. आधी टँकर वरच्या गल्लीतच संपायचा, म्हणून ही रीत पाडली. सनई वाजली की पाणी, भजन वाजलं की रेशनचं धान्य. वस्तीवरच्या गंगूमावशीला शब्द दिलाय, सनई दुसऱ्या कशाला लावणार नाही.
तबकड्या घोंगडीत गुंडाळून आडव्या ठेवल्या. या उन्हात भिंतीला टेकवली की वाकलीच.

गुरुवार, १२
अण्णांनी बोलावलं. सोसायटीचे चेअरमन, म्हणजे मशीनचे मालक, म्हणजे माझेही. २२ला धाकटीचं लग्न. गावचे सनईवाले दुष्काळी कामावर खडी फोडायला गेलेत, तेव्हा तबकडी लाव म्हणाले. म्हटलं, अण्णा, ती पाण्याची आहे, बाया पळत येतील.
"मग लेकीच्या लग्नात भजन लावतो का बे?"
बसलेले सगळे हसले. मीही हसलो. आता लाज वाटतेय.

शनिवार, १४
वस्तीवर जाऊन आलो. मावशीला सांगितलं, २२ची सनई लग्नाची, पळत येऊ नका.
"आन् त्याच दिशी टँकर आला तर? आमी का म्हून बसायचं घरी?"
रविवारी टँकर येत नसतो, असं सांगून उठलो. तिच्या सुनेला आठवा महिना. तीही घागर घेऊन धावते. एक खेप तरी वाचेल तिची.

गुरुवार, १९
टँकरचा ड्रायव्हर चहाला थांबला. सहज बोलून गेला, "शनिवारची खेप रविवारी हाय, लग्नाच्या मांडवात. चेअरमनसायबांनी लिहून दिलंय."
म्हणजे शनिवारी गाव कोरडं, आणि रविवारी पंगतीला गावाचंच पाणी. आणि वस्तीला घरी बसा म्हणून सांगून आलो मी! स्वतःच्या पायांनी जाऊन! अण्णांपेक्षा माझाच राग येतोय मला. जेवण गेलं नाही.

शुक्रवार, २०
अण्णांना विचारलंच.
"पाव्हणे लई लांबून येत्यात. त्यांना हात धुवायला काय देऊ, दिनकर? तुलाबी लेक हाय ना?"
खोटं कशाला लिहू, माणूस घामाघूम झाला होता. पण पाणी त्यांचं नाही.
संध्याकाळी पुन्हा वस्तीवर. म्हटलं मावशी, परवा सनई ऐकली की घागरी घेऊन निघा.
"लग्नाची म्हनला होतास की."
पाण्याचीच आहे, म्हटलं. तिनं उठून घागरी मोजल्या.

रविवार, २२
मशीन मांडवाशेजारी, कर्ण्याचं तोंड वस्तीकडेच. साडेअकराला टँकर मांडवामागे लागला. सुई पहिल्यांदा घसरलीच. मग लागली.
अक्षता पडायच्या आत बाया आल्या, चाळीसेक. वऱ्हाडी उठून उभे. भटजी मध्येच थांबले. मावशीनं कुणाकडेही न बघता टँकरच्या नळाखाली घागर लावली, मागे सून, मागे बाकीच्या. कुणी हाकलायला पुढे आलं नाही. पाहुण्यांदेखत कोण येणार?
अण्णांनी लांबून हातानं खुणावलं, बंद कर. तेवढ्यात बाजू संपली. मी तबकडी उलटली आणि पुन्हा सुई टेकवली.
लग्न नीट लागलं, पोरीचं वाईट व्हावं असं मला वाटत नव्हतं.

सोमवार, २३
सकाळीच निरोप. मशीन आणि माळवदाची किल्ली आणून दे, तुझं काम झालं. पुढचा माणूस अण्णांचा पुतण्या. उद्या टँकर आहे. तो कर्णा कुठे वळवेल, सांगता येत नाही. वळवेल तरी का…
किल्ली देईन. मशीनही देईन, सोसायटीचंच आहे. सनईची तबकडी मात्र घरी आणलीय, मावशीला शब्द दिलाय. चोरीच ती, दुसरा शब्द नाही.
बायकोनं हातात घेऊन उलटसुलट बघितली. म्हणाली, "मशीन न्हाई, कर्णा न्हाई. मंग उद्या वस्तीला ऐकू कसं जायचं?"