नऊ नंबरच्या कार्डासकट माझ्या मिळकतीची वाटणी

मी, खाली सही करणारा, वय बावीस, धंदा मोबाईलच्या फुटक्या काचा बदलणे, हे मृत्युपत्र राजीखुशीने लिहून ठेवतो. माझं डोकं ठिकाणावर आहे. आईचं मत वेगळं आहे, पण ती साक्षीदार नाही. नशापाणी केलेलं नाही. माझ्यावर कोणाचा दबाव नाही. भीती आहे, ती आजोबांची. साडेदहाला त्यांची शर्यत आहे आणि त्यानंतर मी जिवंत राहीन याची खात्री नाही, म्हणून ही घाई.

ही भाषा मला येते, कारण दोन वर्षांपूर्वी हृदयाचं ऑपरेशन झाल्यावर आजोबांनी स्वतःचं मृत्युपत्र केलं, तेव्हा ते टाईप करून आणायला मला तीनदा पिटाळलं. एकदा तर नुसत्या स्वल्पविरामासाठी.

कलम १. मला स्थावर मिळकत नाही. मी स्वतःच एका जागी ठरत नाही.

कलम २. स्क्रू-ड्रायव्हरचा डबा, चिमटे आणि भिंग ताईला. तिचा फोन महिन्यातून एकदा पडतोच, शिकून घेईल. डब्यात रबरी पाल आहे. मी तिची गाडी ठोकली हे घरी जाऊन सांगणाऱ्या बहिणीला एवढं तरी मिळायलाच हवं.

कलम ३. दुकानाच्या मालकाला काही नाही. त्याच्या खुर्चीखाली मी चिकटवलेला भोंगा त्याला अजून सापडलेला नाही, तो तेवढा त्याच्याकडेच राहू द्यावा.

कलम ४. प्लॅस्टिकची सोळा कार्डं, नंबर एक ते सोळा. इथे जरा सविस्तर लिहावं लागेल.

आजोबा एकाहत्तर वर्षांचे. आठशे मीटर पोहतात, म्हणजे आमच्या तलावात जाऊन-येऊन सोळा फेऱ्या. पाण्यात मोजत बसलं की श्वासाचा ताल चुकतो, म्हणून टोकाला एक माणूस बसतो आणि प्रत्येक फेरीला पुढचं कार्ड पाण्यात धरतो. तो माणूस मी. नोकरीत आजोबा वजनकाटे तपासायचे. पस्तीस वर्षं. भल्याभल्या दुकानदारांची वजनं जप्त केली. भाजीवालीने जुडी हातात घेतली तरी हे काट्याकडे बघतात. जगात कोणाचंच माप त्यांनी तपासल्याशिवाय मानलं नाही. माझं मानलं.

त्यांना तेवीस मिनिटांवर वेळ लागायचा. म्हणाले, "बावीसच्या आत आलो तर स्पर्धेत नाव देतो. नाहीतर बास झालं, घरी बसतो." घरी बसणं म्हणजे काय ते आम्ही ऑपरेशननंतर बघितलेलं. सकाळभर कपाटातली कागदपत्रं लावत बसायचे आणि कुठला कागद कुठे आहे ते आजीला पुन्हापुन्हा दाखवायचे.

तर एका सोमवारी, खोटं कशाला बोलू, नुसती गंमत म्हणून मी आठनंतर थेट दहा नंबरचं कार्ड धरलं. म्हटलं, बघू कळतंय का. नाही कळलं. वेळ आली एकवीस मिनिटं पंचेचाळीस. आजोबा ओल्या अंगाने मला मिठी मारून म्हणाले, "अरे गाढवा, मी अजून आहे की!"

मग मला थांबताच आलं नाही. आठवड्यातून तीन दिवस, अकरा आठवडे. नऊ नंबरचं कार्ड त्या दिवसापासून कोरडं आहे.

आता त्या खोट्या वेळेवर त्यांचं नाव सगळ्यात वेगवान गटात लागलंय. बाजूला साठीतले दांडगे लोक. डॉक्टरांनी बजावलंय, "पोहा हवं तेवढं, पण दुसऱ्याच्या मागे लागू नका." आजोबा मागे लागणार. का नाही लागणार? त्यांच्या हिशोबाने ते त्यांच्या बरोबरीचेच आहेत.

आज सकाळपासून सांगायला तीनदा तोंड उघडलं. तिन्ही वेळा म्हणाले, "काय रे, भूक लागली?"

कलम ५. आजोबांना काही झालं तर दोष माझा. लाईफगार्डचा नाही, डॉक्टरांचा नाही.

कलम ६. हे पाकीट आजीच्या हातात देतोय, शर्यत संपल्यावरच उघडायच्या अटीवर. आजीने आजवर कुठलंही पाकीट वेळेवर उघडलेलं नाही. कायम आधीच. त्यावरच माझी सगळी भिस्त आहे.

साक्षीदार: १. लाईफगार्ड ऊर्फ शिट्टी. २. तिकीट खिडकीवरच्या बाई (न वाचता सही केली, आभारी आहे).
ठिकाण: तलावावरची कपडे बदलायची खोली, तिसरा बाक. दिनांक ९ फेब्रुवारी, रविवार, सकाळी सव्वानऊ.

पुरवणी

मी, वरचाच इसम, अजून जिवंत, पुढील दुरुस्ती करतो.

आजीने पाकीट प्रेक्षकांच्या पायऱ्या चढता चढताच फोडलं. तशीच खाली आली आणि चपला हातात घेऊन आजोबांच्या उडी मारायच्या ठोकळ्याशी जाऊन म्हणाली, "अहो, तुमच्या नातवाने तुमच्यावर काटा मारलाय. फेरीमागे फेरी."

आजोबांनी गॉगल कपाळावर चढवला. माझ्याकडे बघत विचारलं, "किती दिवस?"

"अकरा आठवडे."

"कितवं कार्ड?"

"नऊ."

आजी म्हणाली, "आण इकडे ती कार्डं, मी बसते टोकाला."

"नको," आजोबा म्हणाले, "तोच धरेल. नऊ नंबर मला त्याच्याच हातात बघायचाय. आणि हे बघ, आता मला घाई नाही."

खरंच नव्हती. साठीतले लोक सुसाट पुढे गेले, हे आपले एका चालीत. नववी फेरी आली. मी कार्ड दोन्ही हातांनी धरलं. आजोबांनी भिंतीला हात लावला, पाण्यातूनच कार्डावर बोटाने टकटक केलं आणि वळले. मी तिथेच रडलो. तलावावर रडायची सोय चांगली, कोणाला कळत नाही.

ते आले तेव्हा बाकीचे टॉवेल गुंडाळून उभे होते. बावीस मिनिटं एकावन्न. गटात शेवटचे. पण खरं माप धरलं तर त्यांची आजवरची सगळ्यात चांगली वेळ. सत्तरीच्या वयोगटात तीन जण होते, तिसरा नंबर. पदक तळहातावर तोलून म्हणाले, "हलकं आहे." मग मला म्हणाले, "तेहतीस फेऱ्या कमी भरल्यास माझ्या. त्या तू भरायच्या."

मी पाण्यात बादलीसारखा पोहतो. आज सुरुवात केली. टोकाला आजोबा कार्डं घेऊन बसले. सहा फेऱ्या झाल्या तरी कार्ड चारचंच.

"आजोबा, सहा झाल्या!"

"पाण्यात माणसाने मोजू नये रे. ताल चुकतो."

सबब कलम ५ आणि ६ रद्द समजावीत. पाल ताईला आधीच पोचली आहे. सोळाही कार्डं, नऊ नंबरसकट, माझ्या मागे आजोबांना मिळावीत. त्यांनी स्वतःचं मृत्युपत्र कपाटातल्या सगळ्यात खालच्या कप्प्यात टाकलंय आणि वर टॉवेल ठेवलेत, तेव्हा वारस म्हणून ते हजर असतील अशी माझी पक्की खात्री आहे.

साक्षीदार: १. आजी (वाचून, दोनदा). २. शिट्टी.
ठिकाण: तलावाचा काठ, कागद ओला. दिनांक १२ फेब्रुवारी, बुधवार. सही करणाऱ्याच्या फेऱ्या बाकी: माझ्या मते सत्तावीस, आजोबांच्या मते एकोणतीस.