तू म्हणशील तसं

४ मार्च, शाळेतून आल्या आल्या

ताई,

नमस्कार. वाकून केलाय असं समज, इथे खरंखोटं बघायला कोणी नाही.

तुझी कंबर कशी आहे? डॉक्टरांनी सांगितलेले व्यायाम करतेस की त्यांनाही माझ्यासारखंच "हो हो" म्हणून वाटेला लावतेस? टिचकीचा तो हलणारा दात पडला का? पडला असेल तर फेकू नकोस, मला बघायचाय. मी ठीक आहे. इथली मुलं मला "नकाशावाली बाई" म्हणतात. भूगोल शिकवणारीला याहून बरं नाव काय मिळणार!

फोन असताना पत्र कशाला, असं म्हणशील. अगं, फोनवर तू मला बोलू देतेस कुठे? "बरं बरं, घे, लेकीशी बोल" म्हणतेस आणि फोन टिचकीच्या हातात देऊन पळ काढतेस. दर रविवारी नेमक्या त्याच वेळेला तुझ्या गॅसवर काहीतरी उतू जातं. एवढं दूध तरी कोण पितं तुमच्याकडे?

तर मुद्दा घराचा. शाळेनं माझी नोकरी पुढे चालू ठेवली आहे. आता शिक्षकांच्या इमारतीतली ही एक खोली सोडून स्वतंत्र घर घेता येईल, भाडं शाळाच देणार. फक्त महिनाअखेरपर्यंत घर कळवायचंय. झालं, तेव्हापासून माझ्या पायाला भिंगरी लागली आहे. शाळा सुटली की मी आणि तो घरांचा दलाल, गावभर. बिचारा पायऱ्या चढून चढून वाळला. प्रत्येक घराच्या दारात विचारतो, "बाई, राहणार किती जण?" मी म्हणते, "ठरायचंय." परवा तर त्यानं विचारलंही नाही, स्वतःच म्हणाला, "ठरायचंय, हो ना?"

सगळं बघून शेवटी दोन घरं उरली आहेत. एक शाळेच्या मागेच, कपडे धुण्याच्या दुकानाच्या वर. दोन झोपायच्या खोल्या, मोठं स्वयंपाकघर, शाळेची घंटा घरात ऐकू येते. खिडकी उघडली की समोर भिंत आणि सांडपाण्याचा पाइप. दिवसभर साबणाची वाफ. दुसरं घर बसच्या अगदी शेवटच्या थांब्यावर, उतारावर, लाकडाचं. एक मोठी खोली, एक छोटी, आणि भिंतभर खिडकी. खिडकीखाली झाडं, झाडांच्या खाली तळं.

ताई, मी इतकी वर्षं फळ्यावर तळं काढतेय, निळा खडू आडवा धरून. हे तळं निळं नाहीच मुळी. सकाळी राखाडी, उन्हात हिरवं, आणि ढग आला की एका टोकाकडून काळं होत येतं. दलाल किल्ल्या वाजवत उभा होता आणि मी आपली बघतेय, बघतेय. शेवटी तो म्हणाला, "बाई, तुम्ही घर बघायला येता की सहलीला?"

टिचकीला कुठलं आवडेल? तुला काय वाटतं? तू सांग. मला वाटतं तू म्हणशील तसं करावं, तुला तिची जास्त माहिती. मी दोन्ही घरांचे फोटो पाठवलेत.

हे लिहिताना मलाच हसू आलं. आपल्या घरात कलिंगड कापलं की शेवटच्या फोडीचं व्हायचं ना, तसं चाललंय. तू घे, नको तू घे, आई तू घे, बाबांना ठेवा. मग दुसऱ्या दिवशी त्या फोडीला मुंग्या.

लवकर लिही.

तुझी,
धाकटी


१९ मार्च

ताई,

नमस्कार. तुझं पत्र आलं. पत्र कसलं, तार म्हणावी. "मुलगी तुझी, घर तुझं. तू म्हणशील तसं. इकडे सगळे मजेत. दात पडला, जपून ठेवलाय." बास? मी पानभर लिहिते आणि तू मला चार वाक्यांत गुंडाळतेस. "मुलगी तुझी" हे लिहिताना तू चिडली होतीस का? खरं सांग. मी ते वाक्य किती वेळा वाचलं! एकदा वाचलं की वाटतं तू किती मोठ्या मनाची, आणि पुन्हा वाचलं की वाटतं, दार लावून घेतलंस तोंडावर.

माझा जीव एका जागी ठरत नाहीये. खोलीतलं कपाट मी दोनदा हलवलं, ही खोली सोडून जाणार असताना! वर्गात नद्या शिकवताना उगमावरून एकदम मुखावर पोचले. मुलांना बरंच झालं, गृहपाठ कमी. शनिवारी पुन्हा त्या तळ्याच्या घरी गेले. नळ गळतो का ते बघायचंय म्हणाले. दलालानं किल्ली माझ्या हातात दिली आणि तो खाली बसथांब्यावर जाऊन बसला. नळ मी उघडलासुद्धा नाही. खिडकीशी जमिनीवर बसून राहिले. टिचकीचे बाबा गेल्यानंतर इतका वेळ मी कधी गप्प बसले नव्हते, आणि त्याचं वाईट वाटलं नाही, असं पहिल्यांदाच झालं. मग बसमध्ये वाईट वाटलं.

गणिताच्या बाई, माझ्या शेजारच्या खोलीतल्या, फटकळ आहेत. म्हणाल्या, "लहान मूल घेऊन तिथे राहणार? शाळा सुटल्यावर ती काय करेल, बदकं मोजत बसेल?" मला रागच आला. म्हटलं, मोजेल, गणित सुधारेल. पण तेव्हापासून ते डोक्यातून जात नाही.

टिचकीला फोटो आवडले नाहीत का गं? मला वाटलं होतं उड्या मारेल. "छान आहे," म्हणाली, पाहुण्यांना म्हणतात तसं. मग विचारलं, "दाराला आतून कडी आहे?" नंतर म्हणाली, "बस चुकली तर?" आठ वर्षांच्या पोरीनं असलं विचारायचं? मी म्हटलं, अगं, तळं बघ ना, झाडं बघ! ती म्हणाली, "बघितली." एवढ्यात तुझं दूध उतू गेलं म्हणत तीही पळाली.

सहा महिन्यांत घेऊन जाते म्हणून तिला तुझ्याजवळ ठेवली, त्याला आता तिसरं वर्ष लागेल. तिला तुझी सवय आहे. केस तुझ्याकडूनच विंचरून घेते, पाढे तुझ्याजवळच म्हणते. म्हणजे मी काही म्हणत नाही. सुट्टीत मी येतेच आहे, तेव्हा बघू. तिथली शाळा मध्येच सोडवायची का, हेही आहेच. तू तिच्या कलानं घे. माझं काय, मी कुठेही राहीन.

तू मात्र नीट पत्र लिही. चार वाक्यं नकोत.

तुझी,
धाकटी


२८ मार्च, रविवार, फोन ठेवल्या ठेवल्या

ताई,

आज नमस्कार-बिमस्कार काही नाही. घाईत लिहितेय, अक्षर लावून वाच.

आज काय झालं ते तुला ठाऊकच नाही, कारण तू नेहमीसारखी स्वयंपाकघरात. टिचकीनं आधी फोनच्या कॅमेऱ्यासमोर दात धरला. मग शाळेतलं सांगितलं. मग अगदी सहज, जणू उद्या डब्यात काय नेऊ असं विचारावं तसं म्हणाली, "आई, डोंगरात वसतिगृहाची शाळा असते ना, माझ्या वर्गातली एक मुलगी जाणार आहे. तिथेपण खूप झाडं असतात. तळंपण आहे. मी तिकडे राहिले तर चालेल?"

मला आधी हसूच आलं. म्हटलं, "अगं वेडे, तुला वसतिगृह कशाला? तुला दोन दोन घरं आहेत."

ती म्हणाली, "मी मावशीला विचारलं मी कुठे राहायचं. ती म्हणाली, आई म्हणेल तसं. तू म्हणतेस, मावशी म्हणेल तसं." मग थांबली. मागे तुझ्या भांड्यांचा आवाज येत होता. "म्हणजे कुणाला त्रास नको ना, म्हणून."

ताई, कुणाला त्रास नको म्हणून! आपल्या टिचकीनं! मी म्हटलं, "तसं नाही गं राजा," आणि ती समजूतदारपणे म्हणाली, "हो, माहितीये." ते "हो, माहितीये" मला सहन होत नाहीये. तिला काही म्हणजे काही माहीत नाही. आपण माहीत होऊच दिलं नाही. मी पुढे काही बोलणार तोच ती म्हणाली, "मावशी बोलावतेय," आणि फोन बंद. तू बोलावलं नव्हतंस, हो ना?

तू उठून जायचीस ते मायलेकींना मोकळं बोलता यावं म्हणून, हे आज, आत्ता, फोन ठेवल्यावर माझ्या टाळक्यात शिरलं. आणि मी समजत होते तुला माझा राग आलाय. मी "मावशी म्हणेल तसं" म्हणायचे ते तुझं मन मोडू नये म्हणून, आणि तुला वाटलं असेल मला पोरीचं काही पडलेलं नाही. दोघी शहाण्या! एकमेकींचं मन राखता राखता लेकराला मध्ये ताटलीत ठेवून दिलं, तू घे, नको तू घे. ती कलिंगडाची फोड आहे का? आईनं आपल्याला मागायचं नाही एवढंच शिकवलं, आणि आपण ते इतकं घोटलं की पोरीला वाटलं, आपण कुणालाच नको आहोत.

तेव्हा आता मी मागते. वाचतेस ना? मला माझी मुलगी हवी आहे. तिचा कल, तुझा कल, शाळेचं वर्ष, कशाच्याच आडून नाही. हवी आहे. रोज संध्याकाळी मी ह्या खोलीत येते आणि चप्पल काढायच्या आत मला ती हवी असते. तिचे केस मला विंचरायचे आहेत, तुझ्याइतके चांगले नाही विंचरता येणार, ओरडेल, तरी. जूनमध्ये मी तिला न्यायला येतेय. बघायला नाही, न्यायला.

आणि तळंही मलाच हवं होतं. टिचकीला कुठलं आवडेल, तुला काय वाटतं, हे सगळे माझे बहाणे. त्या खिडकीत बसले तेव्हाच मी त्या घराची झाले होते, पण एकटीला आवडलं म्हणून घ्यायचं तर लाज वाटत होती. फोन ठेवल्यावर पहिल्यांदा दलालाला फोन केला, म्हटलं, तळ्याचं घर पक्कं. त्यानं सवयीनं विचारलं, "राहणार किती जण? ठरायचंय?" मी म्हटलं, "दोघी." तो बिचारा दचकलाच. शाळा सुटल्यावर टिचकी माझ्या वर्गात मागच्या बाकावर बसेल, माझं आटपलं की दोघी एकाच बसनं घरी. बस चुकली तर दोघींची चुकेल. आणि दाराला आतून कडी आहे. मी आज दलालाला विचारून घेतलं, एक नाही, दोन आहेत. ती येत नाही म्हणाली तर मी त्या खिडकीत बसून भोकाड पसरून रडेन, पण तिच्यासाठी घेतलं होतं असं तिला कधी ऐकवणार नाही.

आता तुझी पाळी. मला माहितीये, तुलाही ती हवी आहे. तू तिचा दात कुठे ठेवलायस ते मी फोनवर पाहिलंय. तुझ्या कुंकवाच्या जुन्या डबीत, कापसात. मग मला "मुलगी तुझी" काय लिहितेस? लिही की, नाही देणार म्हणून! ओरड माझ्यावर. म्हण, दोन वर्षं मी ताप काढले, मी दुखणी काढली, आता आयती न्यायला येतेस? म्हण ना. खरंच आहे ते. मी उलट बोलेन, तू त्यावर बोल. मी जूनमध्ये आले की समोरासमोर बसून भांडू, आणि तुझी कंबर परवानगी देत असेल तर भांडत भांडत तूही चल इकडे सुट्टीभर. छोट्या खोलीतून पण तळं दिसतं, अर्धं.

पण एक काम त्याच्या आधी, आजच्या आज. पत्र पोचायला वेळ लागेल म्हणून मी हे सगळं फोटो काढून तुझ्या फोनवर पाठवतेय. तू एकटी वाचून, डोळे पुसून कपाटात ठेवून देशील, मी ओळखते तुला. तसं करू नकोस. टिचकीला समोर बसव. हे पहिल्यापासून तिला मोठ्यानं वाचून दाखव, मी तुला वेडंवाकडं बोललेय तेही गाळू नकोस. माझं संपलं की तुझं सांग, तिच्या तोंडाकडे बघून. रडू आलं तर रड. तिला दिसू दे की तिच्यासाठी दोन मोठ्या बायका हातघाईवर आल्या आहेत.

आणि त्याआधी, तेवढा गॅस बंद कर.

तुझ्याशी भांडायला पदर खोचून बसलेली,
टिचकीची आई